‘क्रियाविशेषण’ ही संज्ञा आणि तेरणाकाठचे इंग्रजी अध्यापन

मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी वाक्यातील क्रियाविशेषण ओळखावयास सांगितले, तर तो सहसा चुकत नाही. ‘लवकर’, ‘काल’, ‘येथे’, ‘फार’ अशा अर्थाचा शब्द दिसताच तो त्याखाली रेघ ओढतो, कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक यांपैकी योग्य तो प्रकार लिहितो आणि गुण मिळवितो. त्याच विद्यार्थ्यास तोच शब्द घेऊन स्वतःचे एक वाक्य लिहावयास सांगावे, म्हणजे शब्द भलत्याच जागी जाऊन बसतो. या विसंगतीचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या अनास्थेवर, नाही तर त्याच्या खेडवळपणावर फोडले जाते. आम्हास हे निदान मान्य नाही. आमच्या मते या दोषाचे मूळ विद्यार्थ्यात नसून आपण शिकवीत असलेल्या संज्ञेच्या इतिहासात आहे. तो इतिहास पावणेदोनशे वर्षांहून जुना असल्याने त्याची छाननी करणे उपयुक्त ठरेल.

या विवेचनासाठी धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी या गावाचा परिसर समोर ठेवला आहे. तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे हे गाव परिचित आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व मुलूख हैदराबाद संस्थानात होता; १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कानडी प्रदेशाची सीमाही येथून फार दूर नाही. त्यामुळे येथील मुलाच्या कानावर मराठीबरोबर दखनी वळणाची उर्दू पडते, बाजारहाटाच्या निमित्ताने कानडीही पडते, आणि इंग्रजी या सर्वांच्या मागाहून येते. परंतु हा परिसर निवडण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. पुण्यामुंबईकडे इंग्रजी व्याकरण एकाच वाटेने आले. येथे ते दोन निरनिराळ्या व्याकरणपरंपरांच्या वाटांनी आले. त्यामुळे एकाच इंग्रजी शब्दजातीस दोन नावे मिळाली तर काय होते, याची पडताळणी येथे करता येते.

प्रथम मराठीची वाट पाहू. विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. ते आणि त्यानंतरची काही व्याकरणे मुख्यत्वे परकीयांना मराठी शिकता यावी म्हणून लिहिली गेली. मराठी माणसाने मराठी मुलांसाठी मराठीतून व्याकरण लिहावे, ही कल्पना १८३६ च्या सुमारास फलद्रूप झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ त्या वर्षीचे. दादोबांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते, ही गोष्ट आजच्या संशोधक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्यासमोर संस्कृत व्याकरणाची परंपरा होती. त्याचबरोबर लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणाचा आदर्शही होता. मरे यांनी इंग्रजीच्या नऊ शब्दजाती मानल्या आहेत. त्यांतून मराठीत नसलेले उपपद वगळले की उरतात आठ. आणि मराठी शाळांतून पुढे पिढ्यान् पिढ्या घोकल्या गेलेल्या शब्दजातीही आठच होत. संस्कृतात ही विभागणी नव्हती. यास्कांनी नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग कल्पिले. पाणिनींना तर सुबन्त आणि तिङन्त एवढ्यानेच बहुतेक काम भागविता आले.

आता ‘क्रियाविशेषण’ हा शब्द पाहा. तो संस्कृत वैयाकरणांच्या वापरातला आहे. पण त्यांच्या लेखी ती शब्दांची एखादी जात नव्हती. क्रियेचे वैशिष्ट्य सांगणारे पद द्वितीयेच्या एकवचनात आणि नपुंसकलिंगात येते, एवढा त्या संज्ञेचा व्यवहार होता. ‘सा मधुरं गायति’ या वाक्यातील ‘मधुरम्’ हे मूळचे विशेषणच होय. या वाक्यात ते क्रियेचे विशेषण झाले आहे, इतकेच. इंग्रजीकडून आलेली कल्पना निराळी होती. ग्रीक व्याकरणातून लॅटिनमध्ये आणि तेथून इंग्रजीत पोहोचलेल्या या वर्गात क्रियापदास जोडले जाणारे शब्द होतेच, पण विशेषणास आणि दुसऱ्या क्रियाविशेषणास जोडले जाणारे शब्दही होते. इतर कोणत्याही वर्गात न बसणाऱ्या शब्दांचे ते आश्रयस्थान होते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. संस्कृत शब्दाच्या भांड्यात हा लॅटिन आशय ओतला गेला आणि भांड्याच्या आकारामुळे आशयाविषयी गैरसमज झाला. ‘फार उंच झाड’ यात क्रिया कोठेच नाही. तरी ‘फार’ला क्रियाविशेषण म्हणावयाचे! बुद्धिमान मूल येथे अडखळते आणि आज्ञाधारक मूल पाठ करते. परीक्षेत अर्थातच दुसऱ्याचे बरे चालते.

येथे इतिहासाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली आणि तिकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मरे यांच्या ग्रंथात क्रियाविशेषणाचा विचार दोन ठिकाणी येतो. शब्दविचारात त्याची व्याख्या आणि प्रकार येतात. वाक्यरचनेच्या भागात मात्र एक स्वतंत्र नियम आहे. या शब्दांना विभक्ती, काळ इत्यादींवर अधिकार नसला तरी वाक्यात त्यांची जागा नेमकी असावी लागते, ती बहुधा विशेषणाच्या आधी, क्रियापदाच्या नंतर आणि पुष्कळदा सहायक व मुख्य क्रियापदांच्या मध्ये असते, असा त्याचा आशय. मराठी व्याकरणात व्याख्या आली, प्रकार आले. जागेचा नियम आला नाही. तो यावयाचे कारणही नव्हते. मराठी क्रिया वाक्याच्या शेवटी येते आणि तिच्या आधी इतर पदे बरीचशी मोकळेपणाने हलू शकतात. दादोबांना वा त्यांच्यानंतरच्या व्याकरणकारांना यात दोष देता येणार नाही. ते मराठीचे व्याकरण लिहीत होते. मो. के. दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आठ शब्दजातींच्या या चौकटीची जी सूक्ष्म चिकित्सा झाली, तीही मराठीच्याच प्रश्नांभोवती फिरत राहिली, आणि ते योग्यच होते.

अनर्थ झाला तो परतीच्या प्रवासात. मराठी शाळेतील मूल आधी मातृभाषेच्या व्याकरणात क्रियाविशेषण शिके. मग इंग्रजीच्या तासाला शिक्षक सांगत की, इंग्रजीत याला ‘ॲडव्हर्ब’ म्हणतात. इंग्रजीतून मराठीत येताना जो नियम मागे राहिला होता, तो मराठीतून इंग्रजीत परत जाताना अर्थातच हाती लागला नाही. उरली ती फक्त ओळख. पदपरिस्फोट करणे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘व्याकरण चालविणे’, हा जुन्या वर्गातला मोठा विधी होता. नेसफील्ड यांची व्याकरणे आणि पुढे रेन व मार्टिन यांचे पुस्तक यांनी तो विधी इंग्रजीच्या वर्गात पक्का केला. या पुस्तकांत क्रियाविशेषणाच्या जागेविषयी सूचना नाहीत असे नाही. परंतु परीक्षेने प्रश्न विचारला तो प्रकार ओळखण्याचा. ज्याचा प्रश्न येत नाही तो धडा शिकविला जात नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम सर्व लिखित नियमांहून बलवत्तर आहे.

या काळात एक पुस्तक वेगळ्या दिशेने गेले: द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’. थोडा नियम, थोडे शब्द आणि मग दोन्ही दिशांनी भाषांतरासाठी वाक्यामागून वाक्ये, अशी तिची पद्धती. भाषांतरपद्धतीची अलीकडे पुष्कळ हेटाळणी झाली, आणि तीतील काही वाजवीही आहे; वाक्ये कृत्रिम असत, बोलण्याचा सराव होत नसे. परंतु मराठी वाक्यातील ‘काल’ सुरुवातीस आणि इंग्रजी वाक्यातील त्याचा प्रतिशब्द शेवटी, हे या पाठमालेच्या विद्यार्थ्याच्या हाताला लिहून लिहून कळे. त्याला नियम सांगता आला नसता, पण वाक्य साधले असते. या बाबतीत पाठमालेला तिच्या टीकाकारांनी अद्याप न्याय दिलेला नाही.

माकणीच्या परिसरात मात्र पाठमालेची ही वाट सरळ पोहोचत नव्हती. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात ती उच्च शिक्षणाचे माध्यम झाली आणि इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून राहिली. माध्यमिक शिक्षणावर याचा परिणाम उघड होता. मराठी बोलणारे मूल इंग्रजी शिके ते उर्दूच्या द्वारे, म्हणजे एक परकी भाषा दुसरीच्या आधाराने. उर्दू व्याकरणाची परंपरा अरबीची. तीत मूळ वर्ग तीनच: इस्म, फेल आणि हर्फ. इंग्रजीतील या शब्दजातीस उर्दूत ‘मुतअल्लिक-ए-फेल’ हे नाव रूढ झाले. मौलवी अब्दुल हक यांचे ‘कवाइद-ए-उर्दू’ हे १९१४ चे. अब्दुल हक यांचे आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य कित्येक वर्षे औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून चालले, आणि अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली तेथूनच निघाला. मराठवाड्याच्या भाषिक इतिहासातील हे पान मराठी विभागांनी उर्दू विभागांकडे सोडून दिले आहे. ते तसे सोडण्याजोगे नाही.

‘मुतअल्लिक-ए-फेल’ म्हणजे क्रियापदाशी संबद्ध असलेले. ‘विशेषण’ हा शब्द गुण सांगतो. ‘संबद्ध’ हा शब्द नाते सांगतो. वाक्यरचनेच्या दृष्टीने दुसरी संज्ञा निःसंशय अधिक सावध आहे. ‘काल’ हा शब्द येण्याच्या क्रियेचा कोणता गुण सांगतो, असे कोणी विचारले तर क्रियाविशेषणवाद्यास उत्तर सुचत नाही. संबंध मात्र सहज दाखविता येतो. मग उर्दूच्या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी वाक्य अधिक साधले असेल काय? तशी अपेक्षा बाळगण्यास आधार नाही, आणि त्याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. उर्दूतही क्रिया शेवटीच येते. संज्ञा बदलली तरी जागेचा प्रश्न पूर्वीसारखाच अनुत्तरित राहिला. सध्याच्या लोहारा तालुक्यातीलच हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे अध्यापन केले. मातृभाषेच्या अभिमानाने उभ्या राहिलेल्या अशा शाळांतून या भागात मराठी संज्ञा दृढ झाल्या असाव्यात. परंतु जागेचा नियम ‘क्रियाविशेषण’ या संज्ञेजवळही नव्हता, हे वर पाहिलेच आहे.

तो नियम नेमका काय आहे, हे आता मराठी वाक्यावरूनच पाहावे. ‘मुले काल संध्याकाळी धरणाच्या कडेला शांतपणे बसली होती.’ येथे क्रम काल, स्थल, रीती आणि मग क्रिया असा आहे. इंग्रजीत हेच वाक्य ‘द चिल्ड्रन वेअर सिटिंग क्वायटली बाय द डॅम येस्टरडे ईव्हनिंग’ असे होईल. म्हणजे क्रिया, रीती, स्थल, काल. दोन्ही क्रम परस्परांची प्रतिबिंबे आहेत आणि क्रियापद हा मधला आरसा आहे. क्रियापदास सर्वांत निकट रीती, मग स्थल, सर्वांत दूर काल, हे दोन्ही भाषांत समान आहे. फरक फक्त दिशेचा. क्रिया शेवटी आणणाऱ्या आणि ती कर्माआधी आणणाऱ्या भाषांमध्ये असा उलटसुलट क्रम जगातील अनेक भाषांत आढळला आहे. म्हणजे माकणीच्या मुलास हा नियम नव्याने शिकावयाचा नसून त्याच्याजवळ असलेलाच उलटा करावयाचा आहे. आमच्या एकाही शालेय व्याकरणात ही गोष्ट ठळकपणे मांडलेली आमच्या पाहण्यात नाही.

आरसा एका ठिकाणी मात्र तडकतो, आणि विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक नेमकी तेथेच होते. ‘त्याने पत्र काळजीपूर्वक वाचले’ या वाक्यात कर्म, रीती, क्रिया असा क्रम आहे. याचे तंतोतंत प्रतिबिंब म्हणजे ‘ही रेड केअरफुली द लेटर’. विद्यार्थी हेच लिहितो आणि आपण लाल रेघ ओढतो. इंग्रजी भाषा क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये रीतिवाचक शब्दास सहसा येऊ देत नाही. कर्म फार लांबलचक असेल तरच ती थोडी सैल होते. परंतु त्याच विद्यार्थ्याने ‘त्याने काळजीपूर्वक पत्र वाचले’ या पर्यायी मराठी वाक्यापासून प्रारंभ केला असता, तर प्रतिबिंब ‘ही रेड द लेटर केअरफुली’ असे अचूक उतरले असते. मराठीत दोन्ही वाक्ये चालतात. त्यांतील कोणते आधारास घ्यावे, एवढेच सांगणारा कोणी भेटला नाही, म्हणून विद्यार्थी चुकतो. त्याची चूक तर्कशुद्ध आहे.

जागेइतकाच रूपाचाही प्रश्न आहे. ‘मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते, मुले चांगली गातात’ ही उदाहरणे शाळेत सर्वांनी पाहिलेली आहेत. क्रियेचे वर्णन करणारा शब्द येथे कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. म्हणून त्यास क्रियाविशेषण म्हणावे, पण अव्यय म्हणू नये, असा तोडगा आपल्या व्याकरणांनी काढला. बोलण्यात ‘ती चांगलं गाते’ असेही सर्रास येते, आणि त्यातील नपुंसकलिंगी एकवचन संस्कृतच्या ‘मधुरम्’ची आठवण करून देते. मराठीत म्हणजे विशेषण आणि क्रियाविशेषण यांमधील भिंत पातळ आहे. म्हणूनच ‘शी सिंग्ज गुड’ हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यास खटकत नाही. शेजारची कानडी या बाबतीत इंग्रजीस अधिक जवळची: तिच्यात ‘आगि’ जोडून ‘चेन्नागि’सारखी क्रियाविशेषणे नियमाने होतात. सीमेवरच्या वर्गात कानडी जाणणारे मूल असेल, तर इंग्रजी ‘ली’ प्रत्यय त्याच्याकडून समजावून घेता येईल.

मात्र हा ‘ली’ही विश्वासू नाही. ‘माझे वडील शेतात फार कष्ट करतात’ हे वाक्य शेतकऱ्याच्या मुलाच्या निबंधात यावयाचेच. क्रियाविशेषण करण्यासाठी विशेषणास ‘ली’ लावावा, हा पाठ केलेला नियम स्मरून तो लिहितो, ‘माय फादर वर्क्स हार्डली इन द फील्ड’. या वाक्याचा अर्थ होतो, माझे वडील शेतात जवळजवळ कामच करीत नाहीत. नियम पाळल्यामुळे मुलाच्या हातून बापाच्या कष्टांचा इन्कार लिहिला जातो, आणि परीक्षक अर्धा गुण कापून पुढे जातो. ‘हार्ड’ हे रूप विशेषण आणि क्रियाविशेषण अशी दोन्ही कामे करते, हे ‘ती चांगली गाते’ म्हणणाऱ्या मुलास समजावणे वास्तविक सर्वांत सोपे आहे. त्याची भाषा हेच करते. येथे मराठी आड येत नाही. अर्धवट शिकविलेला इंग्रजी नियम आड येतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अध्यापनाचे शास्त्र बदलले. ए. एस. हॉर्नबी यांच्या १९५४ च्या वाक्यबंधविषयक पुस्तकाने शब्दांच्या जातींपेक्षा वाक्यांच्या साच्यांवर भर दिला. १९५८ साली हैदराबाद येथे इंग्रजी अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. दोनच वर्षांपूर्वी मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला होता आणि त्याच १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले होते. राजकीय दृष्ट्या जे अंतर निर्माण होणे न्याय्य होते, ते शैक्षणिक दृष्ट्या थोडे महागात पडले, असे आमचे मत आहे. पुढे सिडनी ग्रीनबॉम यांनी १९६९ मध्ये आणि रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ व १९८५ च्या व्याकरणांत शब्दाची जात आणि त्याचे वाक्यातील कार्य यांत स्पष्ट भेद केला. ‘धरणाच्या कडेला’ यात क्रियाविशेषण ही शब्दजात नाही. परंतु क्रियाविशेषणाचे कार्य आहे. वाक्यातील क्रियेस निगडित घटक आणि संपूर्ण वाक्याविषयी वक्त्याचे मत सांगणारे ‘सुदैवाने’सारखे घटक यांचीही त्यांनी फारकत केली. संबंध दर्शविणारी उर्दू संज्ञा या विचारास आपल्या क्रियाविशेषणापेक्षा जवळ होती, हे येथे नमूद करावेसे वाटते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. वर्षे वाढली, ओळख आणि योजना यांमधील दरी तेवढ्याने बुजत नाही. शब्दसंपत्तीची बाजूही अद्याप कोणी हाताळलेली नाही. पटकन, चटकन, भरभर, झपाझप, लगबगीने, आस्ते, जल्दी, दमादमाने, अशा शब्दांनी तेरणाकाठची बोली गतीच्या किती छटा दाखविते! विद्यार्थी या सर्वांसाठी ‘क्विकली’ आणि ‘स्लोली’ हे दोनच शब्द वापरतो, आणि त्याचे इंग्रजी दरिद्री ठरते. वास्तविक इंग्रजी या छटा पुष्कळदा क्रियापदातच भरते. झपाझप चालणे, रेंगाळत चालणे, पाय ओढीत चालणे यांना तेथे ‘स्ट्राइड’, ‘सॉंटर’, ‘ट्रज’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. मराठी क्रियाविशेषणाचा इंग्रजी प्रतिशब्द पुष्कळदा क्रियाविशेषणांच्या यादीत नसतोच, तो क्रियापदांच्या यादीत शोधावा लागतो. बोलीतील अशा शब्दांचा संग्रह करून प्रत्येकासमोर इंग्रजी क्रियापद लिहिण्याचे काम पदव्युत्तर प्रबंधिकेस योग्य आहे.

दुसरे तसेच काम ‘च’ या अव्ययाचे. ‘मीच काल पाणी दिले’, ‘मी कालच पाणी दिले’, ‘मी काल पाणीच दिले’ या तीन वाक्यांचा भेद माकणीतील कोणतेही पाच वर्षांचे मूल जाणते. त्याच्या इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘ओन्ली’ येतो, आणि तोही ‘च’प्रमाणे शब्दाच्या मागे: ‘आय केम येस्टरडे ओन्ली’. इंग्रजीत हा भेद काही वेळा ‘ओन्ली’ने, काही वेळा केवळ आघाताने, तर काही वेळा ‘इट वॉज आय हू’ अशा फोडलेल्या वाक्याने दाखवितात. ‘कालच’ यात मर्यादा नसून नुकतेपणा असेल तर ‘ओन्ली येस्टरडे’ असा क्रम लागतो. ‘च’च्या कोणत्या अर्थास कोणती इंग्रजी रचना, याची सारणी अजून तयार व्हावयाची आहे, आणि ती तयार करण्यासाठी ‘क्रियाविशेषण’ ही संज्ञा काही काळ बाजूस ठेवावी लागेल.